डोळा दाव बघू

चंपाक्का गेल्याचं मला तिच्या थोरल्या मुलानं सांगितलं. मी मागच्या दारी भांडी पालथी घालत होते. परड्याच्या भिंतीपलीकडून तो म्हणाला, "वैनी, आक्का गेली." मग हातातली पितळी वाटी भिंतीवर ठेवून, "ही तुमाला द्या म्हणली हुती," एवढं बोलून परत फिरला. त्याला पाच आठवडे झाले. वाटी मी त्या दिवशी घरात आणली आणि फडताळात अगदी मागे सारून ठेवली. खरं सांगायचं तर मला त्या वाटीची भीती वाटत होती.

सांगलीत आमच्या नि तिच्या परड्यात फक्त एक कमरेएवढी भिंत. चंपाक्का जैन शेतकऱ्याच्या घरातली, शेतात हळद, त्यामुळे तिचे अंगठे बारा महिने पिवळे. मी साताऱ्याहून लग्न होऊन इथं आले तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. वर्षभरात मला दिवस गेले. मला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच करायचं ठरलं. पाचवा लागला आणि सासूबाईंनी माझ्या ताटात अर्धी भाकरी वाढायला सुरुवात केली. "बाळ लहान राहिलं की सुटका लवकर होते," असं त्या म्हणत. घरात धान्याला तोटा नव्हता, नि त्यांच्या मनात वाकडंही काही नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. मला वाचवायचं म्हणूनच त्या मला उपाशी ठेवत होत्या, आणि मीही शहाण्यासारखी राहत होते.

सातव्या महिन्यात जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. नखं पांढरी झाली. पाय आणि तोंड सुजलं, तर आल्यागेल्या बायका कौतुकानं म्हणायच्या, "सूनबाईनं अंग धरलंय हो!" ते ऐकून, बाळ मोठं होतंय असं वाटून सासूबाई घाबरल्या आणि अर्धीची पाव भाकरी झाली. त्याच आठवड्यात मी परड्यात कपडे वाळत घालताना चंपाक्कानं हाक मारली. "हिकडं ये गं. डोळा दाव बघू." पिवळ्या अंगठ्यानं तिनं माझी खालची पापणी ओढली आणि बराच वेळ आत बघत राहिली. शेवटी म्हणाली, "उद्यापास्नं दुपारचं दळण निवडाय ये. सासूला तसंच सांग."

दळण कुणी निवडलंच नाही. ती माझ्यापुढं ताट ठेवायची... ज्वारीची अख्खी भाकरी, मटकीची उसळ, शेवग्याचा पाला, कधी खपली गव्हाची खीर. चातुर्मासात तिच्या घरात हिरवं पान शिजत नसे. माझ्यासाठी तिनं परड्यात वेगळी चूल मांडली आणि नेम मोडल्याचा दोष स्वतःच्या अंगावर घेतला. मी लाजून हात आखडला की खेकसायची, "अंगावर चढवाया न्हाई खायाचं गं, रगतात उतराया खायाचं!" रोज जेवणाआधी पापणी बघायची. "अजून न्हाई," म्हणायची आणि वाटी पुन्हा भरायची.

त्या पितळी वाटीवर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, 'कमल'. कोण कमल, असं मी एकदाच विचारलं. चंपाक्का चुलीकडे बघत बोलली. "माजी लेक. पयल्या बाळंतपणाला आली हुती. मीच तिला अर्धी भाकरी वाढायची. भुकंनं रडायची, तर मी म्हणायची, बाई, तुज्या चांगल्यासाठीच हाय... बाळ ल्हानच झालं. पर कळा द्यायला हिच्या अंगात जोरच न्हाई उरला. गेल्यावर सुईणीनं पापणी उलटून दावली. आत समदं पांढरं. जित्ती हुती तवा म्या कवा बघितलंच न्हाई गं." त्यानंतर त्या घरात मी कधी हात आखडला नाही.

माझं बाळंतपण दीड दिवस चाललं. रक्त खूप गेलं, पण मी वाचले. मुलगी आता सहा वर्षांची आहे. आणि इथंच माझी चूक झाली. दुपारचं ते जेवण मी कुणाला कधीच सांगितलं नाही. घरात शांतता राहावी, एवढाच हिशेब. सासूबाई मात्र जो भेटेल त्याला अभिमानानं सांगत राहिल्या, "आमच्या थोरलीला बघा! पाव भाकरीवर काढली, म्हणून तर हातीपायी सुटली." गल्लीतल्या किती घरांत माझा दाखला देऊन किती जणींच्या भाकऱ्या मोडल्या, कोण जाणे. मी खाली मान घालून ऐकत होते.

आता धाकट्या जाऊबाईला सातवा आहे. वाढायचं काम माझ्याकडे आलंय. गेल्या आठवड्यात तिच्या ताटात भाकरी टाकताना माझ्याच हातांनी ती मधोमध मोडली, सवयीनं, विचारसुद्धा न करता. उठताना तिनं दाराची चौकट धरली. मी म्हटलं, "इकडे ये. डोळा दाखव बघू." पापणी ओढली. आत लाल म्हणावं असं काही नव्हतंच.

फडताळातून वाटी काढली, खिरीनं भरली आणि माजघरात, सासूबाईंच्या समोर जाऊबाईच्या हातात दिली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, असं काय करतेस? तुझ्या वेळी..."

"माझ्या वेळी मी रोज पोटभर जेवत होते, आत्याबाई. मागच्या भिंतीपलीकडे."

सासूबाई त्या दिवसापासून माझ्याशी बोललेल्या नाहीत. जाऊबाई दोन्ही वेळा अख्खी भाकरी खाते, वाटी चाटूनपुसून ठेवते. फार उशीर तर केला नाही ना मी, हे विचारायला आता भिंतीपलीकडे कुणी नाही. रोज दुपारी मी तिची पापणी खाली ओढून बघते. कालपर्यंत तरी आत पांढरंच होतं.