गाडीतली जाहीर सभा

आल्माबाई उबेन यांनी गावातल्या तीन पिढ्यांचे केस कापले, आणि कापता कापता त्यांची गाऱ्हाणी ऐकली. केशकर्तनाचं दुकान बंद केलं तरी ऐकायची सवय काही सुटेना. म्हणून त्या कम्युनिटी कॉलेजच्या विश्वस्त मंडळाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या, निवडून आल्या आणि पुढे अध्यक्षही झाल्या. पगार नाही, भत्ता नाही. किराणा दुकानात लोक अडवून पार्किंगची तक्रार करत, तेवढाच काय तो मान.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं ते कॉलेज तसं लहानच. आल्माबाईंच्या गावात त्याची एक शाखा होती आणि तिथे संध्याकाळी नर्सिंगचा वर्ग भरे. अंड्यांच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून आलेल्या बायका तिथे शिकत. येसेनिया नावाची मुलगी तर रबरी बूट दारात काढून नुसत्या मोज्यांनिशी पहिल्या बाकावर बसायची. राज्य सरकारचं अनुदान वर्षागणिक आटत चाललं होतं. यंदाही ते वाढलं नाही, तर हा वर्ग बंद करायचा ठराव मंडळापुढे येणार होता, आणि त्यावर हात वर करायची पाळी आल्माबाईंवरच येणार होती. त्या विचारानं त्यांना घास गोड लागेना.

फेब्रुवारीत राजधानीला, डी मॉइनला, अनुदान ठरवणाऱ्या आमदारांच्या समितीपुढे बोलायची संधी मिळाली. मंडळातले तिघे निघणार होते: आल्माबाई, डुकरं पाळणारे गेलन आणि गुरांच्या डॉक्टर लोरेटा. बर्फाचा अंदाज होता, म्हणून सगळ्यांनी कॉलेजच्या व्हॅनमधूनच जायचं ठरलं. आणि तिथेच घोडं अडलं.

"मंडळ पाच जणांचं," आल्माबाई फोनवर गेलनना म्हणाल्या. "त्यातले तिघे, म्हणजे बहुमत, एकत्र बसले आणि कॉलेजचा विषय निघाला, की कायद्यानं ती सभा. सभा म्हटली की आदल्या दिवशी सूचना लावायची आणि दार सगळ्यांना उघडं ठेवायचं."

"मग विषयच काढू नका. डुकरांवर बोलू."

"राजधानी येईपर्यंत? तुझ्या डुकरांवर? अरे, माझं वय काय! आणि समितीपुढे काय बोलायचं ते कधी ठरवायचं?"

नियम वाकवणं आल्माबाईंच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी सरळ कॉलेजच्या दारावर सूचना चिकटवली: 'विश्वस्त मंडळाची जाहीर सभा. उद्या सकाळी. स्थळ: कॉलेजची पांढरी व्हॅन. नागरिकांचे स्वागत आहे.' कॉलेजच्या वकिलांना फोन केला, तर ते बराच वेळ खोकले आणि म्हणाले, "आल्मा, मला काही ऐकू आलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅनपाशी थर्मास घेऊन मर्ल स्टॉट्स उभे होते. मंडळाची एकही सभा ते चुकवत नसत, आणि प्रत्येक सभेत उठून कॉलेजसाठी शेतावर बसणाऱ्या कराविरुद्ध बोलत. त्यांना पाहून आल्माबाईंनी कपाळाला हात लावला.

"नागरिकांचं स्वागत आहे म्हणे," मर्ल म्हणाले. "की ते नुसतं लिहायचं असतं?"

"बस बाबा, बस. मागची सीट आहे. हीटरची ऊब तिथे पोचत नाही हं."

"म्हणजे माझ्या करातून तेवढंही जमलं नाही तर!"

गाडी हमरस्त्याला लागेपर्यंत मर्लनी नेहमीचं भाषण पुरं केलं. "दरवर्षी कर चढतो. कॉलेजला असं लागतं तरी काय?"

"जास्त काही नाही लागत," लोरेटा मागे वळून म्हणाल्या. "पूर्वी मोठा वाटा राज्य सरकार उचलायचं. त्यांनी हात आखडला. मग उरलेला भार एक तर पोरांच्या फीवर, नाहीतर तुझ्या शेतावर."

मर्ल पुढे वाकले. मग म्हणाले, "हे मला आजवर कुणी सांगितलं नाही."

"दर सभेत सांगतो!" गेलन गाडी चालवता चालवता ओरडले. "तू तुझं बोलतोस, कोट चढवतोस आणि चालू पडतोस. आज जा बघू उठून!"

आल्माबाईंना हसू आवरेना. मागे मर्ल थर्मासचं झाकण उघडत होते, लावत होते.

समितीपुढे बोलायला प्रत्येकाला मोजकीच मिनिटं होती. आल्माबाईंनी येसेनियाबद्दल सांगितलं. दोन आमदार मोबाइलमध्ये मान घालून बसले होते. असली भाषणं त्यांनी सकाळपासून ढीगभर ऐकली होती.

"अनुदान वाढवण्याच्या विरोधात कुणाला बोलायचंय?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

मर्ल उभे राहिले. लोरेटांनी आल्माबाईंचं कोपर गच्च धरलं.

"मी या लोकांशी वर्षानुवर्षं भांडतोय," मर्ल म्हणाले. "करासाठी. आज यांनी मला गाडीत कोंडून हिशेब समजावला. त्यावरून दिसतं की मी भलत्याच दारात भांडत होतो. हात आखडलात तुम्ही, आणि खिसा फाटला माझा. ती अंड्यांच्या कारखान्यातली पोरगी शिकली, तर उद्या माझ्या म्हातारपणी इंजेक्शन द्यायला कुणीतरी असेल. तिचा वर्ग मोडू नका. आणि तुमचा वाटा तुम्ही भरा."

मोबाइल खाली ठेवले गेले. अध्यक्षांनी हसू दाबत विचारलं, "म्हणजे तुमचं नाव बाजूनं लिहू की विरोधात?"

"मी चिडलेलो आहे. तसं लिहा."

सगळं सभागृह हसलं. आल्माबाई तर हसता हसता डोळे पुसू लागल्या.

वसंतात अनुदान वाढलं. मागितलं होतं तेवढं नाही, पण संध्याकाळचा वर्ग चालेल इतकं नक्कीच. मंडळाच्या सभेत वर्ग चालू ठेवायचा ठराव आला तेव्हा आल्माबाईंचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला, आणि मागच्या रांगेत बसलेल्या त्या वर्गातल्या बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मग नागरिकांच्या बोलण्याची वेळ आली. मर्ल उठले.

"कर अजून कमी झालेला नाही," ते म्हणाले. सभेत कुजबुज सुरू झाली. "म्हणून पुढच्या वर्षीही जावं लागेल. पण गाडी मी चालवणार. गेलन बोलताना रस्त्याकडे बघत नाही."

एवढं बोलून ते खाली बसले, आणि त्या दिवशी सभा संपेपर्यंत उठले नाहीत.