शेवंडींचा कैवारी

माझ्या सख्ख्या भावाचं जाळं मी स्वतःच्या देखरेखीखाली कापून घेतलं आणि त्याबद्दल मला 'सागरमित्र' असं प्रमाणपत्र मिळालं. प्रमाणपत्रावर माझं नाव अगदी शुद्ध लिहिलेलं आहे, त्यामुळे तो मी नव्हेच म्हणायलाही जागा नाही.

मी कोळ्याचा मुलगा. पण एकोणिसाव्या वर्षी पनवेलला सरकारी नोकरी लागली आणि समुद्राशी माझा संबंध उरला तो कालवणापुरता. (तेही माझी बायको सुलभा करायची.) मुरुडजवळच्या गावातली घरची होडी धाकट्या भावाने, हरीने सांभाळली. मी निवृत्त झालो त्याच हिवाळ्यात हरीच्या मुलीचा, मानसीचा साखरपुडा ठरला. मुलगा खाडीपलीकडच्या गावचा. त्या गावाचं आणि आमचं जाळी लावायच्या जागांवरून तीन पिढ्यांचं वाकडं! मुलांनी परस्पर जमवलं म्हणून मोठ्यांनी नाइलाजाने मान डोलावली होती. त्यात हरीने बोलणी करताना छाती ठोकून सांगून ठेवलं, "पाव्हन्यांच्या ताटात शेवंड वाढीन!" आता साधी कोळंबी कुणीही वाढतं. हातभर मिशांची शेवंड वाढायची म्हणजे ती आधी मिळावी लागते.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी घरात एवढी धावपळ, पण मला कुणी काम सांगेना. ज्याला त्याला मी वाटेत येत होतो. तेव्हा मी स्कूबाला गेलो. आमच्याकडेही हल्ली पर्यटकांना बोटीतून खडकांपाशी नेतात आणि पाठीवर हवेचं नळकांडं बांधून पाण्याखाली उतरवतात. माझ्या मुलीने निवृत्तीची भेट म्हणून माझं नाव नोंदवलं होतं. शिवाय मी दोन महिने मोबाइलवर समुद्रात टाकून दिलेली बेवारस जाळी आणि त्यात गुदमरणारी कासवं बघून बघून पेटून उठलो होतो. रिकाम्या माणसाला ध्येय सापडलं की आजूबाजूच्यांनी सावध व्हावं.

तो रबरी पोशाख माझ्या पोटावरून चढवायला बोटीवरची तीन माणसं लागली. मग मालवणकडचे एक प्रशिक्षक मला हाताला धरून खाली घेऊन गेले. आमचं पाणी असं की हात लांब केला तर बोटं दिसतात, नखं दिसत नाहीत! त्यामुळे खडकाला गुंडाळलेलं जाळं मला दिसलं नाही, मी त्यात गेलो. वर शेवाळ, आत शेवंडी. एक, दोन, तीन... सात! बिचाऱ्या मिशा हलवत माझ्याकडे बघत होत्या. माझा ऊर भरून आला. (पोशाखात त्यालाही जागा नव्हती.)

मी प्रशिक्षकांना ओढतच वर आणलं आणि तोंडातली नळी काढून ओरडलो, "बेवारस जाळं! कापा!"

"काका, नक्की बेवारस आहे ना?" ते म्हणाले. "मी इकडचा नाही. कुणा मच्छीमाराचं असेल तर हात लावायचा नाही आपण."

"अहो, मी कोळ्याचा मुलगा! जाळं मला शिकवता?"

आयुष्यात इतक्या आत्मविश्वासाने मी फक्त चुकीच्या फायलीवर सही केली आहे. आम्ही पुन्हा खाली गेलो. ते कापत होते आणि मी बोटाने दाखवत होतो, इथे कापा, तिथे कापा. एकोणचाळीस वर्षं कचेरीत दुसरं काय केलं? एकेक शेवंड सुटली तसा मी तिला हात जोडून निरोप दिला. याचं सगळं चित्रण झालं आणि बोटीवरच्यांनी ते माझ्या मोबाइलवरही पाठवलं. जाळ्याच्या दोरीला पाण्याखालीच तरंगणारा एक बोया होता, त्याला विटक्या कापडाचा बावटा. तो मी विजयचिन्ह म्हणून काढून घेतला आणि उपरण्यासारखा गळ्यात घालून बोटीवर फोटो काढला. तिथेच ते प्रमाणपत्र मिळालं. टाळ्याही वाजल्या.

धक्क्यावर सुलभा न्यायला आली होती. तिने प्रमाणपत्राकडे ढुंकूनही बघितलं नाही. बावट्याचं टोक हातात धरून म्हणाली, "ही माझी अंजिरी साडी."

"काहीतरीच काय!"

"काहीतरी काय? ही बुट्टी बघा. ही साडी मी जावेला, कमळला दिली होती. ती अंगाला लावायच्या आत हरीभावजींनी टराटरा फाडली, जाळ्याच्या बावट्याला पाहिजे म्हणून. जिव्हारी लागलं होतं मला. कुठे मिळाली तुम्हाला?"

मी सांगितलं. ती धक्क्यावरच खाली बसली.

"अहो, शेवंडीच्या जाळ्याचा बोया मुद्दाम आखूड दोरीला बांधतात! भरतीला पाण्याखाली राहतो आणि ओहोटीला वर येतो, म्हणजे चोरांना दिसत नाही. आमच्या अलिबागकडे शेंबड्या पोराला कळतं हे. आणि तुम्ही म्हणे कोळ्याचे!"

माझ्या पायाखालची वाळू सरकली. उद्याच्या ताटांतल्या सातच्या सात शेवंडी मी हात जोडून वाटेला लावल्या होत्या.

"आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा," सुलभा म्हणाली.

"योग्य वेळी सांगतो," मी म्हणालो आणि बावटा पिशवीत कोंबला. लाज वाटते सांगायला, पण मी तो दिवस घराच्या मागच्या अंगणात नारळ मोजत काढला. एकूण बारा होते. मी ते चार वेळा मोजले.

संध्याकाळी ओहोटीला हरी होडी घेऊन गेला आणि अर्धं जाळं घेऊन परत आला. चेहरा काळाठिक्कर.

"दादा, जालं कापलान कुनीतरी! सुरीनं! ती जागा मी कमललापन सांगितली नव्हती. हे खाडीपलीकडच्यांचंच काम. आपली फजिती करायला बघतान!"

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण बाहेर पडलं ते, "माणसं फार वाईट झाली आहेत रे." सुलभा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला पुन्हा तो रबरी पोशाख चढवावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे मांडवात बसले. पेढे आले, पाणी आलं, आणि हरीच्याने राहवलं नाही.

"आमचं जालं तुमच्या गावच्यांनी कापलानी," तो व्याह्यांच्या तोंडावर म्हणाला. "सोयरीक करताव न् जाली कापताव?"

व्याही ताडकन उठले. "आमी चोर? आमच्या दारात येऊन तुमी नाक घासलंत तरी न्हाय आता ही सोयरीक! चला रे!"

खुर्च्या सरकल्या. दोन्हीकडच्या बायका एकदम बोलायला लागल्या. मानसी हिरव्या साडीत दारात उभी होती, आणि ती बापाकडे नाही, माझ्याकडे बघत होती. घरातला मोठा म्हणून. या मुलीला मी शाळेत पहिल्या दिवशी बोटाला धरून नेलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांबा!" मी ओरडलो. "जाळं मी कापलं!"

निघालेले पाहुणे मागे वळले. मग हरीचे डोळे भरून आले. त्याने येऊन माझे पाय धरले!

"दादा, पोरीचं लगीन मोडू नये म्हनून तू चोर होतंस? देवमानूस हाय माझा दादा!"

"अरे, खरंच मी कापलं!"

"बघा, पाव्हने," हरी रडत म्हणाला, "याला म्हनतान मन. अवो, याला होडीत बसलं तरी ओकारी होते, हा पान्याखाली जाऊन जालं कापनार?"

व्याहीही विरघळले. तेही वाकले. मी दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसलो, आणखी कुणी धरू नयेत म्हणून! आपण गुन्हा कबूल करावा आणि लोकांनी आपल्याला ओवाळावं, यापरती शिक्षा नाही. गप्प बसलो असतो तर कदाचित सगळं निभावलंही असतं. पण हरी पायाशी बसून रडत होता आणि ते मला बघवेना. मी खिशातून मोबाइल काढला आणि ते चित्रण व्याह्यांच्या हातात दिलं.

दोन्ही गावं त्या एका मोबाइलवर ओणवली. गढूळ पाणी, जाळं, सुरी.

"ह्यो बोट दाखवतंय तो कोन?" व्याह्यांनी विचारलं.

"मी."

"न् ह्ये हात जोडतंय?"

"मीच. शेवंडीला निरोप देतोय."

हरीने मान वर केली. सुलभाने पुढे होऊन पिशवीतला अंजिरी बावटा त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं. राग परवडला असता. त्याला माझी कीव आली होती. तेवढ्यात व्याह्यांचा खांदा हलायला लागला, मग पोट, आणि मग ते एवढ्याने हसले की पेढ्यांचं ताट कलंडलं. "शेवंडीला नमस्कार!" म्हणत ते खुर्चीवर बसले ते साखरपुडा होईपर्यंत उठले नाहीत. जेवायला सुरमई होती. शेवंडीची आठवण कुणी काढली नाही, फक्त वाढणारा प्रत्येक जण माझ्यासमोर आला की हात जोडत होता.

प्रायश्चित्त म्हणून मी महिनाभर गावात राहिलो आणि फाटलेलं जाळं सांधलं. हरीच्या कमळने सुई हातात देऊन एकेक गाठ शिकवली. बोटं सोलवटली, पाठ धरली, पण तीन हात जाळं मी एकट्याने विणलं. लग्नाआधी हरीने तेच जाळं त्याच जागी लावलं आणि दुसऱ्या दिवशी मला मुद्दाम सोबत होडीत नेलं. जाळं वर आलं. माझ्या तीन हातांत सात ठिकाणी गाठी सुटून भगदाडं पडली होती, आणि एका भगदाडात शेवंडीची एक मिशी तेवढी अडकली होती.

हरीने ती मिशी माझ्या तळहातावर ठेवली.

"दादा," तो म्हणाला, "तुझं काम येकदम पक्कं हाय. कापलंस तवापन सुटल्या, सांधलंस तवापन सुटल्या."