चालू करायचा आणि उतरायचं

बाईने नांगराला हात लावायचा नाही, असा आमच्या वाड्यावर नियम आहे. का, ते कोणी सांगत नाही. इंजिनाला मात्र लावलेला चालतो. म्हणून वडिलांच्या मागे त्यांचा जुना ट्रॅक्टर सकाळी चालू करून देणं माझ्याकडे आलं आणि त्यावर बसणं धाकट्या भावाकडे. मी चालू करायची, उतरायची आणि बाजूला उभी राहायची.

चालू करणं म्हणजे काही नुसती चावी फिरवणं नव्हे. रात्रभरात डिझेल टाकीत परत उतरायचं आणि पाइपात हवा धरायची. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारायचा. एवढं करूनही धडधडला नाही, तर काठीला रॉकेलचा बोळा बांधून पेटवायचा, एका हाताने तो हवेच्या नळीपाशी धरायचा आणि दुसऱ्या हाताने सेल्फ मारायचा. धुराने माझे डोळे लाल व्हायचे. भाऊ तोवर पायरीवर बसून चहात उंडो पाव बुडवत असायचा.

"ताय, जालो?" तो तिथूनच विचारायचा.

वडिलांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी हे सगळं मला शिकवलं, कारण घरात मीच होते. भाऊ तेव्हा खाणीवर ट्रक चालवत होता. खाण बंद पडली, तो घरी आला आणि ट्रॅक्टरची सीट जन्मतःच त्याची असल्यासारखा तिच्यावर बसला. मी लग्न केलं नाही, घर धरून राहिले. म्हणून ओढ्याजवळचा खालचा कुणगा, म्हणजे भाताचा एक चौकोन, माझा असं वडील सांगून गेले होते. तो मला स्वतः नांगरायचा होता. बाकी मला काही नको होतं.

एकदा मी तसं बोलून दाखवलं. शेजारचे दोघेतिघे बसले होते, त्यांच्यासमोर भाऊ हसला.

"हो ट्रॅक्टर रोज एकाच चावयेन चालू करून दाखय," तो म्हणाला. "मागीर खालचो कुणगो तूंच नांगर."

सगळे हसले. ते होणार नाही याची त्याला खात्री होती, म्हणून तो इतका उदार झाला. मी मात्र ते शब्द गाठीला बांधले.

पावसाळा संपल्यावर मी ट्रॅक्टरला हात घातला. आधी हवेचा फिल्टर खोलला. त्यातल्या तेलाचा खाणीच्या तांबड्या धुळीने चिखल झाला होता, तो खरवडून काढला. बॅटरीची अर्थची वायर गंजलेल्या पत्र्यावर आवळलेली होती. पत्रा घासून चकचकीत केला, तेव्हा सेल्फ जरा जोराने फिरायला लागला. तरी पाइपातली सकाळची हवा काही जाईना. शेवटी मी पाइपाचा एक तुकडा काढून तिथे आरपार दिसणारी प्लास्टिकची नळी बसवली आणि बुडबुडे कुठून येतात ते बघत बसले. नळी पुढे-मागे करत करत फिल्टरच्या बोल्टापर्यंत आले. त्याखालचा तांब्याचा वायसर चपटा होऊन चिरला होता. डिचोलीत तसा मिळाला नाही. वाळपईच्या बाजारात एका भंगारवाल्याकडे मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली आणि ट्रॅक्टर लगेच बोलायला लागला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. थंडी गेली, ऊन तापलं, तो एकदाही रुसला नाही. मला इतका आनंद झाला होता की मी तो उगीचच चालू करून बघायची.

मृग जवळ आला तशी मी भावाला त्याच्या शब्दाची आठवण करून दिली. तो म्हणाला, "देवाक विचारुया."

आमच्याकडे घर बांधायचं असो की सोयरीक, देवाचा कौल घेतात. देवाला ओल्या फुलाच्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी ट्रॅक्टरखाली उताणी पडून तोंडाने डिझेल ओढत होते, तेव्हा देवाला विचारावंसं कोणाला वाटलं नव्हतं. तरी मी गेले. भटजींनी गाऱ्हाणं घातलं, आम्ही हात जोडून उभे राहिलो. आणि उजवी पाकळी पडली, सगळ्यांच्या देखत, स्वच्छ.

मी भावाकडे बघितलं. तो पायांकडे बघत होता.

घरी आल्यावर म्हणाला, "देवाचें सारकें. पूण गांवचे लोक कितें म्हणटले?"

देवाने हो म्हटलं आणि भावाने माझ्या तोंडाला पानं पुसली. आता ट्रॅक्टर कोणीही चालू करू शकतो म्हटल्यावर त्याला माझीही गरज उरली नाही आणि स्वतः सकाळी उठायचीही. त्याने सावंतवाडीकडचा एक ड्रायव्हर ठेवला. पहिल्या दिवशी नारळ फोडला, ड्रायव्हरने चावी फिरवली, इंजिन धडधडलं. वाड्यावरचे लोक भावाला म्हणाले, ट्रॅक्टर एकदम नवा केलास. तो नुसता हसला. मी माजघरात उभी होते, मला ऐकू येत होतं.

दुपारी ड्रायव्हर दारात आला. जुनं इंजिन चावीने बंद होत नाही, दट्ट्या ओढावा लागतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"ताई, ह्यो बंद कसो करूचो?" त्याने विचारलं.

मी अंगणात जाऊन दट्ट्या ओढून दाखवला. त्या पोराचा काय दोष.

माझ्या कुणग्याच्या बांधावर मात्र मी त्याला अडवलं आणि परत पाठवलं. त्या वर्षी तिथे पीक घेतलं नाही. आजूबाजूला भात डोलत होतं आणि मधे माझा चौकोन गवताने भरलेला. लोक मलाच नावं ठेवतात, जमीन पड ठेवली म्हणून. दर पेरणीला भाऊ येऊन विचारतो, "ट्रॅक्टर धाडूं?"

"कोण चलयतलो?" मी विचारते.

तो उठून जातो. यंदाही कुणगा पडच आहे.