देवीने दिलेला उजवा कौल

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. परीक्षेच्या उत्तरांपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि मला कॉलेजात घातलं ते लग्नानंतर ह्यांनी. हे अंधेरीला एका कारखान्यात फिटर. फॉर्म ह्यांनीच आणला, रांगेतही हेच उभे राहिले. सकाळच्या तासाला उशीर होऊ नये म्हणून बायकोला उठवून चहा हातात देणारा नवरा आमच्या चाळीत दुसरा नव्हता. हाच माणूस दारू पीत होता. दोन वर्षांत ती इतकी वाढली की चहाचा कप हातात धरला तरी बशीत सांडायचा.

त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही. उचलला असता तर निर्णय सोपा झाला असता, असं मनात यायचं आणि त्या विचाराचीच लाज वाटायची. दर आठवड्याला हे कामावर जात नसत आणि मी त्यांच्या नावाने रजेचा अर्ज लिहीत असे. ताप, पोटदुखी, गावाला मयत. माझं अक्षर चांगलं, म्हणून साहेबांना शंका येत नसे. शिकल्याचा मला झालेला उपयोग तो एवढाच. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेचा एक पेपर बुडाला, कारण त्या सकाळी हे घरी आलेच नव्हते आणि मी गल्लोगल्ली शोधत फिरत होते. आई मुलुंडहून निरोप पाठवायची, "परत ये." सासूबाई गावाहून कळवायच्या, "सांभाळून घे." मी देवीपुढे बसायचे आणि रोज तेच मागायचे, ह्यांची दारू सोडव.

आमच्या कोकणात अडलेला माणूस देवाला कौल लावतो. घाटकोपरला टेकडीवर आमच्याकडच्या लोकांनी बांधलेलं देवीचं लहानसं देऊळ आहे. तिथे गुरव देवीच्या पाषाणाच्या दोन्ही बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एका मंगळवारी कॉलेज सुटल्यावर मी तिथे गेले. बायकांची रांग होती. माझी पाळी आली तेव्हा मी प्रश्न सांगितला, "ह्यांची दारू सुटेल का?"

गुरव म्हातारे होते. त्यांनी हातातल्या पाकळ्या पुन्हा ताम्हणात ठेवल्या.

"ह्या इचारून कौल गावाचो नाय, चेडवा. दारू त्येची. ती सुटात काय नाय, ता त्येना येवन इचारूचा. तुका काय करूचा हा, ता इचार."

दारू त्यांची, तर कौलही त्यांनीच लावायचा; मी फक्त माझं विचारायचं. दोन वर्षं मी देवीशी बोलत होते, पण त्या बोलण्यात मी कुठेच नव्हते. मागच्या बायका चुळबुळ करू लागल्या. शेवटी तोंडातून निघालं, "मी आईकडे जाऊ का?" आणि वाटलं, आता देवी रागावणार.

गुरवांनी पाकळ्या लावल्या. "बाय माझे, ह्या तुझा लेकरू पायाशी इला हा. काय चुकला माकला आसात तर पदरात घे."

"व्हय म्हाराजा," बायका म्हणाल्या.

गाऱ्हाणं संपायच्या आधीच उजवी पाकळी पडली. मी जमिनीवर बसले आणि रडायला लागले. मला वाटलं होतं, देवी मला बांधून ठेवील. तिनेच दार उघडलं होतं.

रांगेत माझ्यामागे एक वयस्कर बाई होत्या, चेंबूरहून आलेल्या. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं.

"उजवी पडली ना? मग रडतेस काय गं?"

"ह्यांच्याकडे कोण बघणार, मावशी?"

"जिला विचारलंस ती बघेल. तू काय तिच्या जागेवरची बदली कामगार आहेस?"

मी रडता रडता हसले. त्याही हसल्या. त्यांचे मालक गिरणीत होते, दारूतच गेले, एवढंच त्यांनी सांगितलं. मग स्वतःचा कौल न लावताच पायऱ्या उतरून बसस्टॉपपर्यंत त्या माझा हात धरून आल्या. नाव विचारायचं राहिलं. नंतर मी तीन मंगळवार देवळात गेले, त्या दिसल्या नाहीत. यावर मी काही म्हणत नाही. घडलं तसं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे शुद्धीवर असताना मी सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील, पुन्हा शपथ घेतील. ह्यांनी एवढंच विचारलं,

"राहिलेला पेपर कधी आहे?"

"पंधरा दिवसांनी."

"मग आजच जा गं. इथे तुझं वाचन होणार नाही."

माझी पुस्तकांची ट्रंक त्यांनीच उचलली. रस्त्यात ट्रंक त्यांच्या हातातून निसटू लागली. मी कडीला हात घातला, तर म्हणाले, "सोड. मला उचलू दे." मी सोडली. दोन वर्षांत त्यांच्या हातातलं ओझं मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे राहू दिलं. ट्रंक दोनदा खाली टेकवावी लागली, पण बसपर्यंत त्यांनीच नेली.

आता मी मुलुंडला आईकडे आहे. राहिलेला पेपर दिला आणि पास झाले. हे काही रविवारी येतात, दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून, आणि आईच्या हातचं जेवून जातात. काही रविवारी येत नाहीत. पुढे काय होईल, मला ठाऊक नाही. पूर्वी मी सगळं देवीवर सोपवलंय असं म्हणायचे आणि ह्यांना दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवायचे. त्यात सोपवलेलं काहीच नव्हतं. हात रिकामे करायला तिनेच शिकवलं, आणि त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. हल्ली संध्याकाळी दिवा लावल्यावर मी देवीपुढे ते नाव स्पष्ट उच्चारते. पुढे काही मागत नाही. नुसतं नाव घेते आणि अभ्यासाला बसते.