हळदीच्या दिवशी सुटलेला रंग

हा फुलांचा व्यवसाय कसा सुरू झाला असं कुणी विचारलं, की मी मुलीच्या शाळेचा प्रसंग सांगते. स्नेहसंमेलनात तिला सूर्यफूल व्हायचं होतं, बाजारात मनासारखा पोशाख मिळाला नाही, म्हणून दोन दुपारी बसून मी क्रेप कागदाचं परातीएवढं फूल केलं. ते बघून दुसऱ्या आयांनी तशी फुलं मागितली, मग आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची आरास आली. ऐकणाऱ्यांना हे आवडतं आणि ते खरंही आहे. पण तेवढ्यावर व्यवसाय उभा राहिला नाही. तो भाभींमुळे उभा राहिला, आणि हे मी फार दिवस कुणाला सांगितलं नव्हतं.

मी मूळची जळगावची. नवरा सरकारी कंपनीत इंजिनियर, बदलीवर झाशीला आलो आणि इथेच रुळलो. क्वार्टर सोडून प्रेम नगरला भाड्याचं घर घेतलं. भाभी आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या. त्यांचं माहेर झाशीजवळच्या मोठ नावाच्या गावचं. साड्यांना फॉल-पिको करणं, ब्लाउज शिवणं ही त्यांची कामं. एकदा साडी द्यायला आल्या तेव्हा माझा टेबलभर पसारा बघून त्यांनी एक पाकळी उचलली, दोन्ही अंगठ्यांनी मधोमध ताणली आणि तिला असं पोट काढलं की ती पाकळी जिवंत दिसायला लागली. मी तीन महिने व्हिडिओ बघून शिकत होते, मला ते जमत नव्हतं.

"कहाँ सीखा भाभी?" मी विचारलं.

"कहीं नहीं दीदी. बचपन में बीड़ी बनाते थे. पत्ता भी ऐसेई मानता है."

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज दुपारी यायला लागल्या. कागदाची फुलं झाली, मग फेल्टची. फेल्ट म्हणजे लोकरीसारखं जाड, मऊ कापड. त्याला शिवण लागत नाही, कापलं तरी दोरे सुटत नाहीत, पाणी लागलं तरी बिघडत नाही. त्याचे दागिने आम्ही करायला लागलो. हळदीला, मेंदीला नवऱ्या मुली घालतात ते हार, बाजूबंद, बिंदी. भाभी फुलं वळायच्या. मी रंग ठरवायची, फोटो काढायची, इन्स्टाग्रामवर टाकायची. खाली लिहायची, 'माझ्या हातची फुलं'. भाभींना ते वाचता येत होतं. त्यांनी कधी काही म्हटलं नाही आणि मीही स्वतःला समजावलं होतं की कल्पना माझी म्हणजे हात माझाच.

तीन वर्षं अशी गेली. मग त्या उन्हाळ्यात एका लग्नाचं काम आलं. शहरातलं जुनं मराठी घर, झाशीच्या दरबारी पूर्वजांनी चाकरी केली होती असं सांगणारं. त्यांची मराठी ऐकायला मला मजा वाटायची. अधूनमधून हिंदी, आणि मध्येच एखादा असा शब्द की जो मी फक्त आजोळी ऐकला होता. नवऱ्या मुलीच्या आईला सगळे काकू म्हणत, मीही म्हणायला लागले. हळदीचे सगळे दागिने त्यांना पिवळ्या आणि राणी रंगात हवे होते. "फेल्टचेच करा हो," काकू दोनदा म्हणाल्या होत्या. "आमच्याकडे पोरी पाण्याचे तांबे उपडे केल्याशिवाय ऐकत नाहीत."

मी हो म्हटलं. पण त्याच आठवड्यात एका शाळेच्या कमानीचंही काम मी घेऊन ठेवलं होतं. राणी रंगाचं फेल्ट कमानीतच संपलं. दिल्लीहून नवीन माल यायला चार दिवस, हळद दोन दिवसांवर. काकूंना फोन करून सांगायचं आणि दुसरा रंग चालेल का विचारायचं, एवढंच करायला हवं होतं. मला ते कमीपणाचं वाटलं. मी ठरवलं, बाहेरच्या पाकळ्या फेल्टच्या ठेवायच्या आणि आतल्या क्रेप कागदाच्या करायच्या. कुणाला कळणार होतं?

भाभी उठल्या. स्वयंपाकघरातून एक वाटी पाणी घेऊन आल्या आणि राणी कागदाचा एक तुकडा त्यात टाकला. बघता बघता पाणी गुलाबी झालं. माझी मुलगी तिथेच गृहपाठ करत बसली होती, तीही वाकून बघायला लागली.

"रंग छोड़ेगा दीदी. हल्दी में पानी तो पड़ेगाई."

"कुछ नहीं होगा भाभी," मी म्हटलं. "अंदर की पंखुड़ी है. आप बनाइए."

त्यांनी बनवलं.

हळदीला आम्ही तिघीही गेलो. भाभी दागिने चढवायला, मी फोटो काढायला, आणि मुलगी हट्ट करून. नवरी सुंदर दिसत होती. तिने काकूंची स्वतःच्या लग्नातली अष्टपुत्री नेसली होती, पिवळी, इतक्या वर्षांनीही नवीन वाटावी अशी जपलेली. मी भराभर फोटो काढले. हळद लागली, बायका गाणी म्हणायला लागल्या, आणि मग काकू म्हणाल्या होत्या तसंच झालं. बहिणींनी मागून दोन तांबे उपडे केले. सगळे हसत होते. नवरीही हसत होती, आणि तिच्या गळ्यावरून गुलाबी ओघळ खाली उतरत होते. कुणीतरी म्हणालं, "अगं, हे काय!" तोवर ते खांद्यावरून पदरावर पसरले होते.

काकूंनी धावत येऊन पदर हातात घेतला. चोळून बघितला, तसा डाग आणखी पसरला. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "हा रंग कसा सुटला? फेल्ट आहे ना हे?"

सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. मला विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत राहिले. पण मी विचार केला होता. भाभी सोबत असल्या की मी चारचौघांत हिंदीच बोलायची, त्या दिवशी मात्र मुद्दाम मराठीत बोलले, भाभींना कळू नये म्हणून.

"मी फेल्टच सांगितलं होतं हो काकू. करणाऱ्या बाईने मधे कागद लावला, मला पत्ताच नाही."

घरी मी त्यांना 'त्या' म्हणत असे. तिथे 'बाईने' म्हणाले.

नवरीची आत्या, घरातली वयाने मोठी आणि जरबेची, भाभींकडे वळली आणि हिंदीत म्हणाली, "क्यों जी, तुमने कागज लगाया इसमें?"

भाभींच्या हातात हळदीचं ताट होतं. तीन वर्षं त्या माझ्या घरात बसून माझी फोनवरची आईशी भांडणं, नवऱ्यावरची करकर, सगळं मराठीतच ऐकत होत्या. मी काय बोलले ते त्यांना शब्द न् शब्द कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. बहुधा मी पुढे काही बोलते का, याची वाट बघत होत्या. मी कॅमेऱ्याचं झाकण लावत राहिले.

"हओ," त्या म्हणाल्या. "हमसे गलती हो गई."

आत्या बरंच बोलली. मग भाभींना सांगण्यात आलं की आता तुमचं काम झालं, तुम्ही निघा. मला आणि मुलीला मात्र जेवायला बसवलं. मी जेवले. जिलबीसुद्धा खाल्ली.

परतताना ऑटोत मुलीने विचारलं, "मम्मी, भाभी ने तो कटोरी में दिखाया था न आपको?"

मी म्हटलं, "मोठ्यांच्या गोष्टीत बोलू नये."

त्या संध्याकाळी मी फोटो टाकले, रंग सुटण्याआधीचे. खाली तेच लिहिलं, माझ्या हातची फुलं. लोकांना फार आवडले.

भाभी दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी आल्या. मला वाटलं होतं त्या भांडतील, आणि खरं सांगायचं तर तसं झालं असतं तर मी सुटले असते. त्या खाली मान घालून पाकळ्या वळत बसल्या. चौथ्या दिवशी मी त्यांना एक साडी दिली, चांगली, मी एकदाही न नेसलेली. "किस बात की दीदी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ऐसे ही." त्यांनी साडी टेबलावर ठेवली, हातातलं फूल पूर्ण केलं आणि गेल्या. परत आल्या नाहीत. मी बोलावलंही नाही. लोकांना सांगितलं, त्यांना घरचं काम जास्त झालं.

दोन-तीन महिन्यांनी मंडळातली एक ओळखीची बाई माझ्याकडे चहाला आली होती. बोलता बोलता म्हणाली, "बरं केलंत हो त्या बाईला काढलंत. लग्नातलं कळलं तेव्हापासून आम्हीही कुणी साड्या देत नाही तिला. भरवसा काय, उद्या पैठणीचं काही केलं तर!"

आमच्या मंडळातल्या बायकांचं फॉल-पिको म्हणजे भाभींचं निम्मं काम होतं. ते सगळं माझ्या एका वाक्याने गेलं होतं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि म्हटलं, "बिस्किट घ्या ना अजून."

ही गोष्ट मला त्या अंगणातल्या वाक्यापेक्षाही जास्त खाते. तिथे निदान घाबरले होते. इथे मी माझ्या स्वयंपाकघरात बसले होते, समोर एकच बाई होती, आणि तरी मी बिस्किट पुढे केलं.

त्यानंतर जवळपास महिनाभराने मी काकूंकडे गेले. कशामुळे गेले हे मलाही नीट सांगता येत नाही. मुलगी माझ्याशी कमी बोलायला लागली होती, हे एक कारण असेल. काकू गव्हले करत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: फेल्ट संपलं होतं, कागद मी लावायला सांगितला, भाभींनी नको म्हटलं होतं. मला वाटलं, काकू आता मला घराबाहेर काढतील.

त्यांनी बोटांतला पिठाचा गोळा परातीत ठेवला. मग म्हणाल्या, "साडीचं काय घेऊन बसलात. लग्नघरातून एका बाईला मी उपाशी पाठवलं. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशीच मला ते टोचलं होतं, पण वन्संसमोर बोलले नाही." आणि हात धुऊन उठल्या. "चला. आत्ताच जाऊ."

काकूंनी वाटेत पेढे घेतले. भाभी दारातच मशीनवर बसल्या होत्या, मशीनवर कापड नव्हतं. आम्हाला बघून उठल्या, खाट झटकली, पाणी आणि गूळ आणला. काकूंनी हात जोडले तसे त्यांनी ते पटकन धरले. "ऐसो न करो माताजी, आप बड़ी हैं." काकूंचे पेढे त्यांनी घेतले, एक लगेच तोंडात टाकला.

मग मी बोलले. मी बरंच घोकून आले होते. अर्ध्यावरच त्यांनी मला थांबवलं.

"दीदी, इल्ज़ाम आपने सबके सामने लगाया था. माफ़ी अकेले में ले आईं?"

त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. काकू खाली बघत होत्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळातल्या सगळ्या बायका जमतात. संक्रांत जवळ आल्यावर मी भाभींना विचारलं, याल का. "हम काहे आएँ तमाशे में," त्या म्हणाल्या. तेही बरोबरच होतं. मी एकटी गेले. वाण वाटून झाल्यावर, सगळ्या बसलेल्या असताना, मी उठून सांगितलं. नीट जमलं नाही. मध्येच हिंदीत शिरले, वाटीतल्या पाण्याचं सांगायचं विसरले आणि पुन्हा मागे येऊन सांगितलं. बायका हातातल्या तिळगुळाकडे बघत राहिल्या. एकजण म्हणाली, "जाऊ द्या हो, सणाच्या दिवशी कशाला." ती नवरीची आत्या मात्र मोठ्याने म्हणाली, "जाऊ द्या कसं? तुमच्यामुळे मी त्या बाईला काय काय बोलले! माझी जीभ विटाळली." मला ते ऐकून बरं वाटलं. इतक्या महिन्यांत कुणीतरी मला माझ्या लायकीचं बोललं होतं.

त्यानंतर काहींनी भाभींकडे पुन्हा साड्या द्यायला सुरुवात केली. सगळ्यांनी नाही. शिवणाचं दुकान एकदा बदललं की बायका सहसा परत फिरत नाहीत. आत्याने स्वतः चार ब्लाउज शिवायला टाकले, आणि अजूनही टाकते. मी पेजवरचे सगळे जुने फोटो काढून टाकले. भाभींना विचारलं, तुमचं नाव लिहून पुन्हा टाकू का. त्या नको म्हणाल्या.

माझ्याकडे आता दोन मुली येतात. फुलं चांगली होतात, पण भाभींच्या पाकळीसारखं पोट कुणालाच काढता येत नाही. मलाही नाही. भाभी मोठ गावातल्या एका कापडदुकानासाठी हळदीचे दागिने करतात असं ऐकलं. एकदा एका हळदीला त्यांच्या हातचा हार नवऱ्या मुलीच्या गळ्यात बघितला आणि लगेच ओळखला.

रस्त्यात भेटलो की त्या नमस्ते करतात. बिटिया कैसी है, असं विचारतात. मी कशी आहे ते विचारत नाहीत.

बिटिया आता चौदा वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यात तिने एक दिवस सांगितलं की तिला शिवण शिकायचंय आणि भाभी हो म्हणाल्यात. तिने आधी त्यांना विचारलं होतं, नंतर मला. दर रविवारी सकाळी मी तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडते. आतून मशीनचा आवाज येतो, कधी दोघींच्या हसण्याचा. मी आत जात नाही.