कट्ट्यावरचा जास्तीचा खडा

हे गेल्यावर आठ महिने मी घराबाहेर पडले नाही. साखर मात्र वाढत राहिली. पायाची बोटं बधिर झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "चालायला लागा, नाहीतर अंगठा काढावा लागेल." अंगठा म्हणजे काय वाढलेलं नख आहे, काढायला? पण घाबरले, खोटं कशाला बोलू.

मुलीने माझ्या फोनवर दहा हजार पावलांचं काहीतरी टाकून दिलं. म्हटलं, बाई गं, आधी मला सोसायटीच्या फाटकापर्यंत तरी जाऊ दे. मग जमेल तेवढंच ठरवलं. कात्रजच्या तळ्याकाठच्या बागेत पहिल्या आठवड्यात रोज एक फेरी, पुढे दर आठवड्याला एक वाढवायची. तिथली चालणारी मंडळी फेरी झाली की कट्ट्यावर एक खडा ठेवतात, निघताना मोजून खाली टाकतात. ज्याची त्याची जागा ठरलेली, दुसऱ्याच्या खड्यांना कुणी हात लावत नाही. मीही ठेवायला लागले.

तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, फेऱ्या तीन आणि खडे चार. मोजण्यात चुकले असेन म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार. चार फेऱ्या सुरू केल्या तर खडे पाच! सकाळची वेळ, तळ्यावर धुकं, कट्ट्याजवळ चिटपाखरू नाही, आणि तो शेवटचा खडा हाताला ऊबदार लागायचा, कुणीतरी मुठीत धरून आणल्यासारखा. अंगावर सर्रकन काटा यायचा. तरी एक दिवस चुकवला नाही. खरं सांगायचं तर अंगठ्यापेक्षा त्या खड्यासाठीच जायचे.

पाच फेऱ्यांवर आले तेव्हा एकदा घरी येऊन मोजा काढला, तर रक्ताने भिजलेला. अंगठ्यात काच घुसली होती आणि मला पत्ताच नाही. डॉक्टर तडकले. "बधिर पायाने तंद्रीत चालता? आणखी एक जखम झाली की अंगठा गेलाच म्हणून समजा."

जखम भरल्यावर बागेत गेले आणि झाडलोट करणाऱ्या माळीबुवांना विचारलं, "अहो, माझ्या खड्यांत रोज भर कोण घालतं? नसते उद्योग!"

त्यांनी खराटा थांबवला. "तुमीच की ताई. शेवटची फेरी तुमी बोलत बोलत मारता. तळ्याकडची बाजू मोकळी सोडून."

मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आम्ही दोघं फिरायला यायचो तेव्हा तळ्याच्या बाजूने हे चालायचे. मी तिथेच कट्ट्यावर बसून भरपूर रडले.

आता प्रत्येक पाऊल बघून टाकते, फेरीचा आकडा मोठ्याने म्हणते. पाच फेऱ्या, पाचच खडे. साखर उतरली, अंगठा शाबूत आहे, डॉक्टर खूश. मुलगी म्हणते, "आई, आता सहा फेऱ्यांचं ठरव ना."

पायांची काही तक्रार नाही. पण सहावी फेरी आता शुद्धीत, एकटीने मारावी लागेल, आणि तेवढी माझी अजून तयारी नाही.