रेघेखालची अक्षरं

पेंटरीणबाईला वाचता येत नव्हतं, पण वाचनाचं वेड असं की विचारू नका. आता हे कसं जमायचं? तर ते तिच्या नवऱ्याने जमवलं होतं. पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. बाजारातल्या निम्म्या पाट्या त्याच्याच हातच्या. दुपारी पाटीला रंगाचा पहिला हात दिला, की ती वाळेपर्यंत तो रॉकेलच्या फडक्याने बोटं पुसायचा आणि भाड्याच्या वाचनालयातली कादंबरी उघडायचा. ती भाजी निवडत ऐकायची. त्यात एखादा दुष्ट माणूस बोलायला लागला, की पेंटर असा आवाज काढायचा की दारातलं कुत्रं उठून पलीकडे जायचं.

"अहो, हळू. शेजारी म्हणतील भांडण चाललंय."

"म्हणू देत. तुला कुठे भांडता येतं?"

"येतं की. आधी पान उलटा, मग दाखवते."

पाटी रंगवायची त्याची एक तऱ्हा होती. शाळेत काय शिकवतात? आधी अक्षरं काढा, मग डोक्यावर रेघ ओढा. पेंटरचं उलटं. खडू लावलेली दोरी ताणून तो आधी रेघ मारायचा आणि तिच्याखाली एकेक अक्षर टांगायचा, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं. "रेघ सरळ असली, की अक्षर पळून जात नाही," म्हणायचा.

त्या वेळी चालू होती ती कादंबरी दीपगृहात राहणाऱ्या एका मुलीची. एक खलाशी 'परत येतो' म्हणून तिला सांगून बोटीवर गेलेला. तो येतो की नाही, यावर पेंटरीणबाईचा जीव टांगलेला. तिने नवऱ्याला ताकीदच दिली होती, "शेवटचं पान माझ्याआधी चोरून बघितलंत, तर जेवायला वाढणार नाही."

एका सकाळी पेंटर डोकं धरूनच उठला. पुस्तक उघडलं आणि उलटंसुलटं करून बघितलं.

"अगं, ही कुठली भाषा?"

ती हसली. तिला सगळ्याच भाषा सारख्या. पण मग त्याने भिंतीला टेकवलेली स्वतःची पाटी बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. तीही त्याला वाचता येईना.

लकवा कसा असतो ते पेंटरीणबाईने पाहिलं होतं. सासरे त्यातच गेले. त्यांचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं, हात लुळा पडला होता. इथे तर तोंड सरळ, हात धड, बोलणं खणखणीत. तेवढ्यात उजवीकडे ठेवलेला चहाचा कप त्याला दिसलाच नाही आणि धक्क्याने सांडला. मग तिची खात्रीच पटली.

"डोळे गेलेत तुमचे. चष्मा बदला."

चष्मेवाला तिचा चुलतभाऊ. त्याने काचेवर काच चढवून बघितली.

"दाजी, आता?"

"दिसतंय रे स्वच्छ. एकेक रेघ दिसतेय. काय लिहिलंय ते कळत नाही."

"मग अजून एक नंबर वाढवू."

बिचाऱ्याकडे दुसरा उपायच नव्हता. असं करता करता दुपार टळली. मग पेंटरने दुकानाच्या लालभडक दाराला 'हिरवं दार' म्हटलं, तेव्हा कुठे चष्मेवाला चरकला. "ताई, हे माझ्या काचांचं काम नाही," म्हणाला आणि गाडी करून दोघांना इस्पितळात घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मेंदूच्या डॉक्टरीणबाई शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन खाटेशी आल्या. त्यांनी पेंटरच्या हातात कागद दिला. "काहीही लिहा." पेंटरने आधी रेघ ओढली आणि तिच्याखाली छापल्यासारखं लिहिलं, 'डॉक्टर आत आहेत'. सगळे हसले. डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा ठेवला, क्षणभराने पुन्हा सुलटा केला. "आता वाचा."

पेंटर बघत राहिला. "कोणी लिहिलंय? अक्षर चांगलं आहे."

एक शिकाऊ डॉक्टर शेजारच्याला हळूच म्हणाला, "नाटक करतोय."

"नाटक नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेंदूच्या मागच्या बाजूला बघण्याची जागा असते. यांची डावीकडची जागा गेलीय, रक्ताच्या गाठीने वाहिनी बंद पडली. म्हणून उजवीकडचं दिसत नाही. डावीकडचं दिसतं, पण ते पोचतं उजव्या मेंदूत आणि शब्द ओळखणारी जागा आहे डाव्यात. दोन्हींच्या मधल्या पुलाचा मागचा भागही गेलाय. चित्र या काठावर, शब्द त्या काठावर. रंगांच्या नावांचंही तेच. लिहिण्याचा रस्ता वेगळा, तो शाबूत आहे."

पेंटरीणबाईने पदर घट्ट धरला. "सकाळीच आणलं असतं तर?"

डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या. "गाठ विरघळवायचं औषध पहिल्या काही तासांतच देता येतं. पण आजी, असे रुग्ण आमच्याकडेसुद्धा आधी डोळ्यांच्या विभागात जाऊन येतात. मनाला लावून घेऊ नका."

तिने मान हलवली. 'चष्मा बदला' हे स्वतःचे शब्द मात्र तिला कायमचेच टोचत राहिले.

गाठ हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे आली होती. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या देऊन डॉक्टरीणबाईंनी दोघांना घरी पाठवलं आणि जाता जाता म्हणाल्या, "अक्षर कोणी तळहातावर गिरवलं, तर कधीकधी ओळखता येतं. हाताची वाट निराळी असते. करून बघा."

घरी आल्यावर पेंटरने एक पाटी घेतली. मधेच चहाला उठला आणि कुठवर आलोय ते कळेना. पंक्चरवाल्याची पाटी तयार झाली: 'येथे हवा भरून भरून मिळेल'. पंक्चरवाला म्हणाला, "राहू द्या, गिऱ्हाईक हसत येतं." पेंटरने मात्र ब्रश धुऊन ठेवले ते परत काढले नाहीत.

राहिली कादंबरी. शेजारणीने वाचून दाखवली, पण ती वीजबिल वाचल्यासारखी वाचायची. मग पेंटरीणबाईने एका दुपारी पुस्तक मांडीवर घेतलं, नवऱ्याचा तळहात ओढला, आधी एक रेघ ओढली आणि छापलेली आकृती जशी दिसली तशी खाली गिरवली.

"र," पेंटर म्हणाला. "पुढे? व. पुढे? ला... शी. रवलाशी? हा कोण नवीन आला?"

"मला काय माहीत? दिसतं तसं काढलं."

"अगं, खलाशी! तो ख आहे. र आणि व यांना असं लांब नको ठेवूस. संसार आहे त्यांचा."

ती इतकी हसली की डोळ्यांना पाणी आलं आणि मग ते थांबेचना. पेंटरने तिला रडू दिलं. हात मात्र पुढेच धरला होता.

रोज दुपारी चार-दोन ओळी. तिला दिसायचं आणि कळायचं नाही, त्याला कळायचं आणि दिसून उपयोग नव्हता. वाचनालयवाल्याने पुस्तक परत मागितलं नाही. हळूहळू असं झालं, की तो सांगायच्या आधीच तिच्या तोंडून अक्षर निघायचं. "बघा, चोरून शिकली," पेंटर म्हणायचा, तेव्हा त्याची मान पाटी पुरी झाल्यासारखी ताठ व्हायची.

पुस्तकाची थोडीच पानं उरली होती. गोळी एकदाही चुकली नव्हती. तरीही एका सकाळी पेंटरचं तोंड ओघळलं आणि उजवा हात खाटेखाली लोंबला. या वेळी पेंटरीणबाईने चप्पलही घातली नाही. गाडी थांबवली आणि थेट इस्पितळ गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. "आजी, तुम्ही अगदी वेळेत आलात. पण त्यांच्या रक्तात पातळ करायचं औषध आहे. त्यावर गाठ विरघळवायचं औषध दिलं तर मेंदूत रक्तस्राव होईल. आणि भाषेचा सगळा भागच गेलाय. बोलणं, समजणं, लिहिणं, सगळंच."

ती खाटेशी येऊन बसली. पिशवीतून पुस्तक काढलं आणि बोट ठेवून अडखळत स्वतःच वाचायला लागली. समुद्रात बोट दिसली. धुकं होतं. मुलगी दिवा घेऊन जिना उतरली. पेंटर छताकडे बघत होता. शेवटचं पान आलं तशी ती थांबली.

"अहो, उलटू का?"

पेंटरचा डावा हात चादरीवरून चाचपडत आला. त्याने तिचा तळहात उघडला आणि बोटाने रेघ ओढली. सरळ, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. बोट रेघेखाली आलं, थांबलं. पुन्हा वर गेलं. पुन्हा तीच रेघ. खाली काहीच आलं नाही.

"सावकाश," ती म्हणाली. "मला घाई नाही."

पुस्तक तिने पान न उलटताच मिटून मांडीवर ठेवलं आणि हात तसाच उघडा धरून बसली.